पाठमोरी माणसं

मामानं पुण्याहून कॅमेरा पाठवला तो दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. नवा नव्हे, त्याचाच जुना. कॅनन १२००डी, सोबत १८-५५ची लेन्स, एक बॅटरी आणि चेन बिघडलेली बॅग. त्यानं स्वतःला नवा घेतला होता आणि जुन्याला कोणी धड किंमत देईना, तेव्हा भाचीची आठवण झाली. (मामा, वाचत असशील तर चिडू नकोस. हे मला मामीनंच सांगितलंय.) बॅगेत एक चिठ्ठी होती, "ऑटोवर ठेव आणि काढत सुट." मी अगदी तसंच केलं.

राजवाडा काढला. समोरून काढला, बाजूनं काढला, कबुतरं उडताना काढला. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या काढल्या. गांधी हॉलचं घड्याळ, छप्पन दुकानच्या पाट्या, कॉलेजचं फाटक, फाटकावर बसणारं मांजर. आमच्या गच्चीवरून दिसणारा लोकमान्य नगरचा सूर्यास्त तर इतक्यांदा काढला की सूर्यालाही कंटाळा आला असेल. बाबांना सोबत घेऊन रात्री सराफ्यात गेले आणि गराडूवाले, जलेबीवाले, भुट्ट्याचा कीस ढवळणारे, सगळे काढले. डिसेंबर संपेपर्यंत कार्डात २३०० च्या वर फोटो झाले होते.

त्यातले निवडक मी घरच्या ग्रुपवर टाकत असे. आत्या "वा गं!" लिहायची. मोठे काका अंगठा दाखवायचे. देवासची मावशी प्रत्येक फोटोला "अप्रतिम" म्हणायची, आणि एकदा चुकून माझ्या बोटाचा अस्पष्ट फोटो गेला तर त्यालाही म्हणाली. कळस म्हणजे मी काढलेला छत्र्यांचा एक फोटो चौथ्या दिवशी भलत्याच ग्रुपवरून माझ्याकडेच परत आला. वर गुलाबाचं फूल आणि खाली "शुभ प्रभात". एवढी प्रसिद्धी मिळूनही मला बरं वाटत नव्हतं.

कारण फोटोत काहीतरी चुकत होतं आणि काय चुकतंय ते मला सांगता येत नव्हतं. सराफ्यात उभी असताना मला जे दिसलं होतं, म्हणजे कढईतून वर चढणारी वाफ, बल्बचा पिवळा उजेड, थंडीत मफलर गुंडाळून पत्रावळी चाटणारी माणसं, त्यातलं फोटोत काही नव्हतं. फोटोत होता एक पांढरा शर्ट आणि मागे काळाकुट्ट अंधार.

मग मी विचारत सुटले. कॉलेजातल्या एका सीनियरनं पाचेक फोटो बघितले आणि म्हणाला, "फोटो काय, सगळे सारखेच. खरी गंमत एडिटिंगमध्ये. तुला माझे प्रीसेट देतो." दिले. राजवाड्याचं आकाश हिरवटनिळं झालं आणि कबुतरं केशरी. दोन दिवस मला ते आवडलंही. मैत्रीण म्हणाली, "तू लकी आहेस, तुला डीएसएलआर मिळाला." हा अभिप्राय कॅमेऱ्यावर झाला. बाबांनी मात्र एक फोटो बराच वेळ बघून विचारलं, "हा जरा वाकडा आहे का गं?" आमच्या बाबांना भिंतीवरचं कॅलेंडर बोटभर तिरकं असलं तरी जेवण जात नाही. मी चिडले. नंतर पट्टी लावून बघितलं. खरंच वाकडा होता. छत्र्यांच्या पायऱ्या डावीकडे घसरत चालल्या होत्या. आणि तोच नाही, गच्चीवरचे जवळजवळ सगळे सूर्यास्तही डावीकडे कललेले. दोन महिन्यांत मला मिळालेला तो पहिला खरा अभिप्राय.

स्टुडिओवाल्या काकांकडे मी फोटोसाठी गेलेच नव्हते. म्हणजे गेले होते, पण परीक्षेच्या फॉर्मला लागणाऱ्या पासपोर्ट फोटोसाठी. रामबागेकडे जाताना एका बोळात त्यांचं दुकान आहे. बाहेर झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाईन फॉर्म. आत पडद्यामागे एक स्टूल, दोन छत्रीवाले दिवे आणि निळा, पांढरा, लाल असे तीन पडदे. काका सत्तरीच्या घरातले. मला स्टुलावर बसवून त्यांनी "हनुवटी खाली, बेटा, अजून जरा" वगैरे केलं, आणि मी हनुवटी खाली करता करता समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. तिथं एका म्हाताऱ्या बाईचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो होता. उजेड एकाच बाजूनं. अर्धा चेहरा सावलीत, पण त्या सावलीतही डोळा दिसत होता.

"हा कुणी काढलाय?"

"मीच. चौऱ्याऐंशी साली. हलू नको."

पासपोर्ट फोटो अर्थातच भयंकर आला. पण बोलता बोलता मी कॅमेऱ्याचं सांगितलं, फोटोंचं सांगितलं, आणि मोबाईल पुढे केला. त्यांनी तो हातातही घेतला नाही. म्हणाले, "त्यात नाही बघत मी. बोटानं सरकवलं की गेला. प्रिंट काढून आण. चाळीस आण, एक्केचाळीसावा नको."

२३०० मधून ४० निवडायला मला तीन रात्री लागल्या. पहिल्या रात्री ३१० उरले. दुसऱ्या रात्री ९० वर आले आणि तिथं अडकले, कारण त्यात सूर्यास्तच सतरा होते. त्यातला कोणता ठेवायचा हे ठरवायला बसले तेव्हा लक्षात आलं की सतराही फोटो एकच आहेत. शेवटी एक ठेवला. प्रिंटचे ४०० रुपये गेले. ते मी सोमवारच्या पोहे-जलेबीच्या खात्यातून वळते केले.

काकांनी लॅमिनेशनचं टेबल रिकामं केलं आणि सगळे प्रिंट पत्त्यांसारखे मांडले. मधे मधे गिऱ्हाइकं येत होती. एकाला आधार कार्डाची दोन्ही बाजूंची कॉपी हवी होती, एका काकूंना लग्नपत्रिका लॅमिनेट करून हवी होती. प्रत्येक वेळी काका उठायचे, परत यायचे आणि नेमके सोडलेल्या फोटोपासून बोलू लागायचे.

"हा सराफा. फ्लॅश कोणी मारला?"

"आपोआप उघडला."

"आपोआप! या फ्लॅशची पोच किती? आठ-दहा फूट. समोरच्याचा शर्ट पांढराफट्ट, मागचा बाजार गेला अंधारात. अगं, तिथं प्रत्येक गाडीवर बल्ब लोंबतोय, तो उजेड बघायलाच तर गेली होतीस ना? तो तूच विझवून टाकलास."

पुढचा सराफ्याचाच, फ्लॅशशिवायचा. तो हललेला. "हात सगळ्यांचाच हलतो. लेन्स ५५वर असेल तर शटर १/८०च्या खाली नको नेऊ. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढव. १६०० कर, ३२०० कर. दाणे दिसले तर दिसू दे. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही चालत."

कॉलेजच्या चॅपेलची भिंत आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांना पांढरी दिसते, माझ्या फोटोत ती राखेसारखी आली होती. मला वाटायचं हा लेन्सचा दोष. काका म्हणाले, "कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही आणि काळंही कळत नाही. त्याला फक्त करडं कळतं. त्याच्यासमोर पांढरी भिंत धर, तो म्हणणार उजेड जास्त झाला, आणि करडी करून ठेवणार. काळी म्हैस धर, तीही करडीच. तेव्हा पांढऱ्यासमोर तू त्याला सांगायचं, अजून एक घर वर चढ." ते सांगायचं बटण माझ्या कॅमेऱ्यावर दोन महिने होतं, अधिक-उण्याची खूण असलेलं. मी त्याला कधी हात लावला नव्हता.

एका मुलाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवला होता. मैत्रिणीचं नाक तिच्या नाकापेक्षा मोठं आलं होतं, कारण मी लेन्स १८वर ठेवून तिच्या तोंडाशी गेले होते. ("चेहरा असला की ५५वर जायचं, आणि स्वतः मागे सरायचं. पाय दिलेत ना देवानं?") मी वहीत लिहून घेत होते. मनात म्हटलं, एवढंच ना? हे तर शिकता येईल. तेवढ्यात काका म्हणाले, "एक विचारू? रागवायचं नाही. या चाळिसांत माणसं किती फोटोंत आहेत?"

आम्ही मोजले. पुतळा धरून २३.

"आणि चेहरा किती जणांचा दिसतो?"

चार. एक ती मोठ्या नाकाची मैत्रीण. दोन झोपलेले रिक्षावाले. आणि चौथा राजवाड्यासमोरच्या बागेतला अहिल्याबाईंचा पुतळा.

"म्हणजे एकोणीस पाठमोरे," काका म्हणाले. त्यांनी ते एकोणीस वेगळे काढून रांगेत लावले. साड्यांचे पदर, जॅकेटं, टकलं, वेण्या, एक रेनकोट. एकोणीस पाठी माझ्याकडे पाठ करून उभ्या.

मी म्हटलं, "कँडिड आहेत ते. सांगितलं की लोक पोझ देतात. मला नैसर्गिक हवे होते."

"पाठ नैसर्गिक आणि चेहरा अनैसर्गिक, असं का?" ते हसले, मग हसायचे थांबले. "तू घाबरतेस, बेटा. माणूस वळून बघेल म्हणून घाबरतेस. चोरून काढतेस आणि पळतेस. प्रत्येक फोटोत तू पळून जायच्या बेतात उभी आहेस, म्हणून तर वाकडे येतात." आणि प्रिंट गोळा करता करता, सहज म्हणावं तसं, "घरचा एकही नाही यात. घरी कोणी नाही का?"

यावर मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक "आहेत ना" असं काहीतरी.

घरी आई आहे. आमच्या आईचे डबे आहेत. भंवरकुआँकडे क्लासेसला आलेली मुलं, आजूबाजूच्या खोल्यांत राहणारी मुलं, दोन बँकेतले लोक, असे मिळून ३१ डबे रोज आमच्या घरून जातात. पहाटे साडेचारला कुकर लागतो. माझ्या वह्यांना, माझ्या ओढण्यांना फोडणीचा वास येतो आणि मी कॉलेजात निघताना अत्तर मारते. कोणी विचारलं, तुझी आई काय करते, तर मी म्हणते, घरीच असते. ते खोटं नाही. आपल्या वर्गातल्या दोघांचे डबे आमच्याकडूनच जातात. त्यांना हे आत्ता, हा अंक उघडल्यावर कळेल. (बटाट्याच्या भाजीबद्दल कँटीनमध्ये जे बोलणं झालं होतं ते मी आईला सांगितलेलं नाही. निश्चिंत राहा.)

तर २३०० फोटोंमध्ये आमचं स्वयंपाकघर नव्हतं, कारण मी ते टाळत होते. गच्चीवर जाताना ओट्यासमोरूनच जावं लागतं. रोज संध्याकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून मी तिथून गेले आणि वर जाऊन सूर्य काढला.

त्या दिवशी निघताना काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "दीनदयाळांचं नाव ऐकलंयस? राजा दीनदयाळ. इथलेच म्हणायचे, इंदूरचे." मी ऐकलं नव्हतं. घरी येऊन वाचलं. १८४४ साली मेरठजवळच्या सरधन्याला जन्म, रुडकीला इंजिनीयरिंगचं शिक्षण, आणि १८६६ मध्ये इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी. फोटोग्राफी हा छंद. तो इथंच लागला, आणि तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यांना उत्तेजन दिलं. पुढे ते हैदराबादला निजामाचे फोटोग्राफर झाले, 'राजा' हा किताबही निजामाचाच. म्हणजे या शहरात नोकरी सांभाळून फोटो शिकणारा एक हौशी माणूस दीडशे वर्षांपूर्वीही होता. मला त्याचं फार बरं वाटलं.

पण काकांचा मुद्दा वेगळा होता. "त्या काळी काचेच्या प्लेटा. भला मोठा कॅमेरा, तिकाटणं, वर काळं कापड. चोरून काढायची सोयच नव्हती. समोरच्याला सांगावं लागायचं, बसवावं लागायचं, हलू नको म्हणावं लागायचं. आमच्याही वेळी फार वेगळं नव्हतं. छत्तीसचा रोल. अंधारात हात चालवून नीट भरला तर सदतीसावा निघायचा, त्याची कोण चैन वाटायची! एका लग्नाला तीन रोल. नवरीच्या वडिलांना विचारून बटण दाबायचो." मग त्यांनी पडद्यामागचं दार उघडून दाखवलं. झेरॉक्सच्या कागदाचे गठ्ठे, एक मोडकी खुर्ची, आणि कोपऱ्यात डागाळलेलं मोरीसारखं सिंक. ती त्यांची डार्करूम. निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटचिंग करायला बसायचे ती खुर्ची हीच. दार त्यांनी लगेच लावून घेतलं.

"आता असं कर. समज की तुझ्याकडे एकच रोल आहे. आठ दिवस, छत्तीस फोटो. पुसायचा एकही नाही. माणसाचाच फोटो, विचारूनच, आणि तीन पावलांच्या आतून."

पहिल्या दिवशी मी एकही काढला नाही. दुसऱ्या दिवशी राजवाड्याजवळ एका बांगड्यावालीसमोर दहा मिनिटं बांगड्या बघत उभी राहिले, दोन डझन घेतल्या, आणि मग कशीबशी बोलले, "आंटी, एक फोटो खींच लूँ?"

"क्या करोगी फोटो का?"

मला उत्तर देता आलं नाही. ती म्हणाली, "तो फिर रहने दो." बांगड्या आत्याला दिल्या.

त्या दिवशी आणखी दोघांनी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी एक गजकवाले भैया हो म्हणाले आणि असे ताठ उभे राहिले की आधार कार्डावर लावावा. मी काकांकडे रडत गेले, म्हणजे रडत नाही, पण तशीच. ते म्हणाले, "पहिला फोटो त्याचा असतो. तो त्याला काढू द्यायचा. मग कॅमेरा खाली घ्यायचा आणि बोलत राहायचं. गजक कशी बनवतात ते विचार, मुरैनाहून येते का ते विचार. तो परत कामाला लागतो. मग दुसरा काढायचा, तो तुझा."

हे चाललं. नेहमी नाही, पण चाललं. गांधी हॉलजवळ फुटपाथवर बॅगांच्या चेन दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. त्यांच्याकडे मी मामाच्या बॅगेची चेन घेऊन गेले, म्हणजे बोलायला काही निमित्त. ते सुई ओठांत धरून बोलत होते. फोटो काढू का विचारल्यावर त्यांनी आधी सुई काढली, टोपी सारखी केली, पहिला फोटो दिला. मग सुई परत ओठांत गेली. रोलमधला सतरावा फोटो तो. दोन दिवसांनी प्रिंट नेऊन दिला तर त्यांनी बराच वेळ बघून हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. आता पेटी उघडली की ते दिसतात. चेनचे पैसे घेतले नाहीत. मी फार आग्रह केला नाही.

शुक्रवारपर्यंत २८ झाले. आठ उरले.

आईला मी शुक्रवारी रात्री विचारलं. भाजी निवडत होती. "माझा कशाला? बाबांचा काढ." मग, "बरं, काढ. पण सकाळी गडबडीत मधे येऊ नकोस." शनिवारी उठून बघते तर तिनं ठेवणीतली जांभळी साडी नेसलेली, कपाळाला टिकली, आणि ओट्याशी पोळपाट घेऊन बँकेच्या कॅलेंडरसारखी उभी. मी दोन काढले. तिचे दोन. मग साडीला पीठ लागेल म्हणून ती आत गेली आणि गाऊन घालून आली. मला म्हणाली, "झाले ना? आता बाजूला हो."

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेजाऱ्यांची पांढरी भिंत आहे. त्यामुळे ऊन थेट येत नाही, त्या भिंतीवर आपटून येतं. एकवीस वर्षं मी त्या घरात राहतेय आणि हे मला त्या सकाळी कळलं, कारण सव्वासातला मी ट्यूबलाईट बंद केली.

"दिवा का घालवलास? पोळ्या करपतील माझ्या."

"दोन मिनिटं, आई."

खोलीतला उजेड एका बाजूनं आला. तव्यावरची वाफ दिसायला लागली. काकांच्या भिंतीवरच्या फोटोत होता तसला उजेड, आमच्या घरात, रोज. मी आकडे लावले. ५५वर लेन्स, एफ ५.६, शटर १/८०, आयएसओ १६००. कॅमेरा हातात धरून नुसती उभी राहिले. ती लाटत होती. एक हात पोळपाटावर, दुसरा तव्यावर, हिशेब तोंडानं: एकवीस, बावीस. मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या चटक्यांचे डाग आहेत तिच्या, ते लेन्समधून बघेपर्यंत मी कधी मोजले नव्हते. चार फोटो असेच गेले, हात हलला किंवा मान खाली गेली. मग तिनं पिठाच्या हाताची उलटी बाजू कपाळावरून फिरवली आणि वर बघितलं. सरळ माझ्याकडे. दमलेली, जरा वैतागलेली, आणि मी काय करतेय याचं थोडं कौतुकही असलेली. "झालं का तुझं?"

तो पस्तिसावा. छत्तिसावा काढायचं मी विसरले.

काकांनी ३५ प्रिंट बघितले. या वेळी ते फार कमी बोलले. चेनवाल्या चाचांवर लाल पेन्सिलीनं गोल केला. गजकवाल्यांच्या दुसऱ्या फोटोवर अर्धा गोल. पस्तिसाव्यापाशी आले तेव्हा चष्मा पुसला. बाहेर एक मुलगा मार्कशीट घेऊन उभा होता, त्याला म्हणाले, "थांब रे जरा." मग मला म्हणाले, "मागची लोणच्याची बरणी आईच्या डोक्यातून निघालीय. एक पाऊल डावीकडे सरकली असतीस तर." आणि फोटोभोवती पूर्ण गोल केला. "हा मोठा कर. आठ बाय बारा."

नेमकं त्याच आठवड्यात आपल्या मंडळाचं या अंकाच्या मुखपृष्ठासाठी आवाहन आलं होतं. विषय होता 'चेहरे'. मी फॉर्म भरला, फाईल निवडली, नाव लिहिलं. मोठा प्रिंट घ्यायला गेले तेव्हा काकांना उत्साहानं सांगितलं.

"आईला विचारलंस?"

"विचारूनच काढला ना, काका."

"काढायला विचारलंस. दाखवायला?" प्रिंट पुठ्ठ्यात घालता घालता ते म्हणाले, "दीनदयाळांनी हैदराबादेत बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला होता. उंच भिंती, आत सगळ्या बायकाच, एक इंग्रज बाई चालवायची. कशाला काढला असेल?"

मी तेही नंतर वाचलं. जनाना स्टुडिओ, १८९२ साल. पडद्यातल्या बायका तिथं मनासारखा फोटो काढून घ्यायच्या. पण त्या वेळी मी काही न बोलता पुठ्ठा घेऊन घरी आले.

दुपारी तीनच्या सुमारास आईचं सगळं आवरलेलं असतं. तिनं हात धुतले, पदराला पुसले, प्रिंट घेऊन खिडकीशी गेली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. खरं सांगते, काकांसमोर इतकी भीती वाटली नव्हती.

"अशी दिसते मी?" मग बराच वेळ काही नाही. मग, "हा कोणाला दाखवू नकोस."

"चांगला नाही आला?"

"चांगला आलाय. म्हणूनच."

मी गाऊनबद्दल बोलले, भिंतीवरच्या तेलाच्या डागांबद्दल बोलले, की ते कापता येतील, की मुखपृष्ठावर नाव टाकणार नाही. ती म्हणाली, "डागांचं काय घेऊन बसलीस. डाग असतातच." आणि कपाट उघडून, साड्यांखाली जो वर्तमानपत्राचा कागद घातलेला असतो त्याच्याखाली, जिथं तिचं पासबुक आणि आजीची नथ असते, तिथं तो प्रिंट सरकवला. कपाट लावता लावता थांबली. "तेवढी बरणी काढता येत नाही का गं?"

मी फॉर्म पाठवला नाही. रात्री एकदा वाटलं, पाठवावा. घरातलं कोणी आपला ई-अंक उघडून बघत नाही, आईच्या मोबाईलवर तर तो उघडतही नाही. फाईल अजून निवडलेली होती, एका बोटाचं काम होतं. कसं कोण जाणे, मला त्या एकोणीस पाठी आठवल्या. मी लॅपटॉप मिटला.

संपादकांनी या लेखासोबत एखादा फोटो हवाच म्हटल्यामुळे सतरावा दिला आहे. तो चाचांना विचारून दिला. त्यांनी विचारलं, "कॉलेज वाले देखेंगे? तो टोपी ठीक दिख रही है ना?"

लेख मी आईला वाचून दाखवला. लिहायला तिची हरकत नाही. बटाट्याच्या भाजीपाशी तिनं मला थांबवलं आणि कोण काय म्हणालं ते विचारलं. मी सांगितलं नाही. आणि डब्यांचा आकडा तिनं दुरुस्त केला. मी २८ लिहिले होते, जानेवारीपासून ३१ आहेत.